डावीकडेच वळणारं मशीन

बदलापूर पश्चिमेला, हेंद्रेपाड्यापासून चालत दहा मिनिटांवर आमचं कॉम्प्लेक्स आहे. आमचं म्हणजे मी तिथे राहत नाही, तिथले पंप आणि स्विमिंग पूल सांभाळतो. आठ वर्षं मी पूलचा तळ लांब दांड्याच्या ब्रशने घासला. मग कमिटीने तळ साफ करणारा रोबो आणला. पाण्यात सोडला की तो रबरी पट्ट्यांवर रांगायचा, भिंतीवर चढायचा आणि घाण स्वतःच्या पोटातल्या जाळीत ओढून घ्यायचा. मला तो आवडला, खोटं कशाला बोलू. माझा उजवा खांदा तोवर कामातून गेला होता.

दुसऱ्या वर्षी तो फक्त डावीकडे वळायला लागला. एकाच जागी गोल फिरत राहायचा आणि बाकीचा तळ तसाच हिरवट. मी जाळी धुतली, पंख्यात अडकलेले केस काढले, पट्टे उतरवून पाहिले. वायरला पीळ पडला असेल म्हणून ती दिवसभर उन्हात सरळ पसरून ठेवली. काही फरक पडला नाही. राहिला तो मधला मोटरचा ब्लॉक. तो सील केलेला असतो, पाणी जाऊ नये म्हणून. तो उघडायचं धाडस मी केलं नाही. कंपनीचा माणूस यायला महिना लागेल असं फोनवर कळलं, तेव्हा मी सेक्रेटरी मॅडमना म्हणालो, "अंबरनाथला माझे दादा आहेत. त्यांच्याकडे नेतो."

दादा माझे सख्खे कोणी नव्हेत. कारखान्यातून कमी केल्यावर त्यांनी मोटर वाइंडिंगचं दुकान टाकलं होतं. बारावी नापास होऊन मी घरी बसलो होतो, तेव्हा त्यांनीच मला स्टुलावर बसवून तांब्याची तार हातात दिली. पाच वर्षं मी त्यांच्याकडे होतो. जळालेली मोटर वासावरून कशी ओळखायची, हे त्यांनी शिकवलं. माझे वडील गेले तेव्हा खांदा द्यायला पहिले तेच पुढे आले, आणि ही नोकरीसुद्धा त्यांच्याच ओळखीने लागली.

दादांनी ब्लॉक हातात फिरवून पाहिला आणि चार दिवसांनी ये म्हणाले. चार दिवसांनी सांगितलं, आत पाणी गेलं होतं, कॉइल नवी भरली, वरून पक्कं सील केलंय. मी तो मशीनमध्ये बसवला. दोन दिवस कासवासारखं सगळीकडे फिरलं. तिसऱ्या दिवसापासून दहा मिनिटांनी बंद पडायचं आणि काठावर ठेवलेल्या त्याच्या पॉवरच्या डब्यावर लाल दिवा लागायचा.

मी सगळं पहिल्यापासून तपासलं. पुन्हा दादांकडे गेलो. त्यांनी ब्लॉक उघडलासुद्धा नाही. म्हणाले, पॉवरचा डबा कमजोर झालाय, तो बदला. मी कमिटीला तेच सांगितलं, डबा नवा आला, लाल दिवा लागतच राहिला. लोक कुरकुरायला लागले. मी पुन्हा ब्रश हातात घेतला. ब्लॉक एकदा उघडून बघावा, असं मला वाटायला हवं होतं. पण दादांनी बंद केलेलं मी उघडायचं, हे मनातही आलं नाही.

शेवटी कंपनीचा इंजिनियर आला. मॅडम शेजारी उभ्या होत्या. त्याने ब्लॉक उलटा केला, खालचा नंबर मोबाईलवर टाकला आणि म्हणाला, "हा ब्लॉक या मशीनचा नाही." बारवी धरणाच्या रस्त्यावरच्या एका बंगल्याच्या मशीनचा तो होता. मग त्याने सील कापलं. आतून जो वास आला, तो मला ओळखायला वेळ लागला नाही. कॉइल जुनीच होती, अर्धवट जळालेली.

"ब्लॉक बाहेर कोणी नेला होता?" त्याने विचारलं.

मी म्हणालो, मीच. मॅडम माझ्याकडे पाहत राहिल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

तिथून सरळ अंबरनाथला गेलो. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मी नंबरचं सांगितलं. दादांनी नाकारलं नाही, हातातला पाना खाली ठेवला आणि मला बसायला सांगितलं. मी उभाच राहिलो. बंगलेवाला त्यांचं जुनं गिऱ्हाईक. त्याचा ब्लॉक उघडताना दादांच्या हातून खराब झाला होता आणि तो रोज फोन करत होता. त्याच आठवड्यात मी माझा घेऊन गेलो.

"तुझ्या मोटरला काही झालंच नव्हतं," ते म्हणाले. "सीलच्या मागे मोटरच्या दांड्याला केस आवळले होते. ते काढले, चालू झाली. तोच ब्लॉक त्याला दिला."

"मग मलाच का दिलात जळका?"

त्यांनी पाना पुन्हा हातात घेतला. "तू आपला माणूस. परका असता तर त्याने बोभाटा केला असता. तू सांभाळून घेशील असं वाटलं."

मला त्यांच्या या बोलण्याचा राग आला त्यापेक्षा जास्त लाज वाटली. कसली लाज, ते आजही नीट सांगता येत नाही. मी एवढंच म्हणालो की रविवारी कॉम्प्लेक्समध्ये या आणि मॅडमना तुमच्या तोंडाने सांगा. ते येतो म्हणाले. त्या रविवारी मी साडेनऊपासून दुपारी दोनपर्यंत गेटजवळ थांबलो. फोन लावला, त्यांनी उचलला नाही. मग मी स्वतःच वर जाऊन मॅडमना सगळं सांगितलं, त्यांच्या नावानिशी. माझ्या तोंडून त्यांचं नाव तसं पहिल्यांदाच गेलं.

मॅडमनी ऐकून घेतलं. इंजिनियर बंगल्यावर गेला आणि मालकाने तक्रार न करता ब्लॉक परत दिला. मशीन चालू झालं, नोकरीही राहिली. पण पुढच्या सोमवारी संध्याकाळी निघताना वॉचमनने माझी पिशवी उघडायला सांगितली. वरून ऑर्डर आहे म्हणाला, आणि बिचारा खाली बघत राहिला. डबा, टॉवेल, पाण्याची बाटली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी ते बघितलं. पंपरूमची चावीही आता ऑफिसात ठेवावी लागते. मॅडम अजून हसून विचारपूस करतात. चावीबद्दल त्या बोलत नाहीत, मीही विचारलं नाही.

यंदा दिवाळीच्या आधी उल्हासनगरला कॅम्प तीनच्या बाजारात कपडे घ्यायला गेलो होतो. परतताना शेअर रिक्षात बसलो, तर पलीकडच्या कोपऱ्यात दादा. मधे एक बाई पिशव्या घेऊन बसली होती. दादांनी तिच्यावरून वाकून विचारलं, "खांदा कसा आहे?"

"बरा आहे," मी म्हणालो.

माझं उतरायचं ठिकाण अजून लांब होतं, तरी पुढच्या नाक्यावर मी रिक्षा थांबवायला सांगितली आणि उरलेला रस्ता चालत गेलो.