भागिरथाबाईनं मिस्री सोडली

भागिरथाबाईच्या हिरड्या दोन वर्षं सुजत होत्या. सूज आली की ती रिसोडच्या मेडिकलमधून दाताच्या कॅप्सूल आणायची, दोन दिवस घ्यायची आणि ठणका थांबला की उरलेल्या पुढच्या वेळेसाठी ठेवून द्यायची. यात आपण मोठी हुशारी करतो, असंच तिला वाटे. महिन्या-दोन महिन्यांनी गाल पुन्हा फुगायचा. शेवटी खालचे दोन दात हलायला लागले, भाकर वरणात कुस्करून गिळावी लागली, तेव्हा कुठे बाई दाताच्या डॉक्टरकडे गेली.

डॉक्टर पल्लवी लेकीच्या वयाची. तोंडात आरसा घालून तिनं पाहिलं आणि सरळ सांगितलं, "मावशी, नुसत्या कॅप्सूलनं हे बरं होत नाही. हिरड्यांखाली घाण साचून दगड झालाय, तो खरवडून काढावा लागेल. आजार फार वाढलाय म्हणून सोबत गोळ्या देते. पण बरं वाटलं तरी मधेच सोडायच्या नाहीत. आणि तंबाखूची ती मिस्री बंद. नाहीतर दात जातील."

"मिस्री काहून?" भागिरथाबाई चपापली. "थेच तं एक हाय मले."

खरंच तेवढंच होतं. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली. मुलगा धम्मरत्न पुण्याला कंपनीत. त्याचा फोन रविवारी, तोही घाईचा. पण रोज सकाळी शेजारच्या रुपाबाईच्या ओट्यावर चार-पाच जणी जमायच्या, एकाच डबीतली मिस्री बोटावर घेऊन तासभर दात घासत बसायच्या. कोणाच्या सुनेनं काय केलं, कोणाची म्हैस आटली, सगळ्या गावाचा निकाल तिथंच लागायचा.

हिरड्यांची साफसफाई झाली. गोळ्या तिनं एकही न चुकवता संपवल्या. मिस्री सोडली तरी ओटा सोडायचा नाही, असं ठरवून ती गेलीही. पण वास नाकात शिरला आणि बोट आपोआप डबीत गेलं. घरी येऊन तिनं चुळा भरल्या, स्वतःला शिव्या घातल्या. दुसऱ्या दिवसापासून गेलीच नाही. दोन दिवस "भागिरथे, ये ना वं!" अशा हाका आल्या. मग "डाक्टरीन झाली बाई थे," असं हसणं ऐकू आलं. मग तेही थांबलं. मोरीपाशी एकटीनं ब्रश करायचा, दोन मिनिटांत काम आटपायचं, आणि उरलेली सकाळ सरता सरत नसे. दातांपायी माणसं गेली, असं वाटून तिला रडू यायचं.

दोन महिन्यांनी तपासणी होती. पल्लवीनं हिरड्या दाबून पाहिल्या. रक्त नाही, दातही पहिल्यापेक्षा घट्ट. "भाकर चावता येते? काय काय खाता? झोप लागते का?" ती एकेक विचारत गेली आणि उत्तर पूर्ण होईस्तोवर थांबत गेली. भाकरीपासून निघालेली भागिरथाबाई धम्मरत्नाच्या लहानपणापर्यंत पोचली.

"छान सांभाळलंत, मावशी. आता तीन महिन्यांनी या."

भागिरथाबाई खुर्चीतून उठेना. पदराचं टोक बोटाला गुंडाळत ती हळूच म्हणाली, "बाई, लवकर नाही का बलावता येत? पुढच्या मंगळवारी येतो ना मी. दुखत काही नाही."