तीच पेटी, तीच खोली
उंदीर वेड्यासारखा पळायला लागला आणि माझी वाटच लागली. मरोळच्या एका लॅबमध्ये मी उंदरांचे पिंजरे धुते. त्याचा पिंजरा धुवेपर्यंत मी त्याला काचेच्या पेटीत ठेवला, रोज नशेच्या औषधाची सुई देऊन सोडतात ना, त्याच पेटीत. आज सुई दिलीच नव्हती, तरी हा गरागरा फिरतोय! मेला तर नोकरी गेली म्हणून समजा.

मी ओरडले तशा लॅबच्या मॅडम धावत आल्या.

"अगं, तिथे कशाला ठेवलास? घाबरू नको, मरत नाही तो. रोज सुई देऊन तिथेच सोडलाय ना, आता सुई नसली तरी नुसत्या पेटीनेच नशा चढल्यासारखा पळतो तो."

धुतलेल्या पिंजऱ्यात सोडला, तर जरा वेळाने गप्प बसला. मला मात्र घरची खोली आठवली.

माझा नवरा एमडीची, म्हणजे नशेची पावडर घ्यायचा, आमच्याच खोलीत, खालच्या पोरांबरोबर. आता सुटलीय म्हणतात, उद्या व्यसनमुक्ती केंद्रातून सोडणार. सासू म्हणते, "घरीच आण गं, आपलं माणूस आहे." पण खोली तीच, पोरं अजून जिन्यातच बसतात, आणि माझी लेक तिथेच रांगते. तुम्ही असता तर आणलं असतं त्याला?