आईची आंघोळ आणि सरकता दरवाजा

वर्षभर रोज सकाळी मी आईला आंघोळ घालत होते. शाळेत पहिला तास माझाच असतो, त्यामुळे सगळं घाईचं काम. गिझरचं पाणी बादलीत काढायचं, तिला स्टुलावर बसवायचं आणि तांब्याने पाणी घालायचं. पहिला तांब्या अंगावर पडायच्या आधी ती डोळे मिटून घ्यायची, ते मी टॉवेल गुंडाळेपर्यंत उघडायची नाही. साबण डोळ्यांत जाईल म्हणून नव्हे, तोंडाला ती मला हात लावूच द्यायची नाही. मला वाटायचं, लेकीसमोर असं बसायची लाज वाटत असणार. जिने उभ्या जन्मात कुणाला स्वतःचे पाय चेपू दिले नाहीत, तिला हे कसं सोसावं?

ती पडली होती ती बाथरूमच्या बाहेरच्या भागात, कमोडपाशी. आंघोळीचे शिंतोडे उडून तिथली फरशी कायम ओली असायची. खुब्याचं ऑपरेशन झालं, काठी घेऊन ती चालायला लागली, तेव्हा डॉक्टर म्हणाले, भिंतीला धरायला दांडा लावा, बाहेरची फरशी कोरडी राहू द्या, मग आजी एकट्या आंघोळ करू शकतील. आईने त्यातलं शेवटचं वाक्य तेवढं पक्कं धरलं. "फरशी केव्हा कोरडी होते तुझी?" असं ती जेवताना, टीव्ही बघताना, केव्हाही विचारायची. जशी काही ती मीच ओली करून ठेवली होती!

आधी पडदा लावून पाहिला. उठताना आईने त्याचाच आधार घेतला आणि तो कड्यांसकट खाली आला. नशीब, मी दारातच होते. मग काचेचा दरवाजा लावायचं ठरलं. उघडझाप करणारा लावला तर कमोडवर आपटतो, म्हणून सरकता. आणि काच धुरकट, म्हणजे मी बाहेर उभी राहिले तरी आईला संकोच नको.

आमच्या या हिंदी मुलखातल्या शहरात कांचघर नावाचा मोहल्ला आहे, तिथून काचवाला आला. त्याने आंघोळीच्या जागेवर आपली लेव्हल आडवी ठेवली. तिच्यातला बुडबुडा सरळ एका टोकाला जाऊन बसला. त्याने ती उलटी करून ठेवली, बुडबुडा पुन्हा तिकडेच.

"दीदी, बेस तो पूरा टेढ़ा है. किसने बनवाया?"

बाबांनी बनवला होता. बाबांचा लेव्हलवर विश्वास नव्हता. फरशी बसत असताना ते तांब्याभर पाणी घेऊन कोपऱ्यात उभे राहायचे, पाणी ओतायचे आणि बघायचे. जाळीपर्यंत पोचायला पाणी जरा रेंगाळलं की मिस्त्रीला फरशी उचलायला लावायचे. पाणी चाललं नाही पाहिजे, धावलं पाहिजे, हे त्यांचं म्हणणं. आमच्या ओळखीतल्या सगळ्याच मराठी घरांत तांब्याची ही परीक्षा असायची, पण बाबांइतकी कडक कुणी घेतली नसेल. जाळीकडची बाजू चांगली दोन बोटं खाली गेली होती. बाबा जाऊन किती वर्षं झाली, पाणी अजून धावतंच आहे.

काचवाल्याने वरचा रूळ सरळ बसवला आणि दरवाजा टांगला. दरवाजा झकास सरकत होता, पण जाळीच्या बाजूला खाली दोन बोटांची फट राहिली. तिथूनच तर आत जायचं होतं. त्या फटीतून पाणी बाहेर आलं असतं, म्हणजे ये रे माझ्या मागल्या. त्यावर त्याने उपाय काढला. ग्रॅनाइटची एक पट्टी, एकीकडे जाड आणि दुसरीकडे निमुळती, घासून खाली चिकटवून दिली. फट बंद झाली. पाय टेकायला त्रास नको म्हणून त्याने कडही गोल करून दिली. मी खूश झाले. अर्ध्या दिवसाची रजा तरी सत्कारणी लागली असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई काठी टेकत आली आणि पट्टीपाशी थांबली.

"हा उंबरठा काहून केला?"

"उंबरठा नाही गं, पट्टी आहे. तिच्यावर पाय ठेव आणि आत जा."

"उंबरठ्यावर पाय देत असतात का?"

"आई, बाथरूमला कुठला आला उंबरठा?"

"इथून आत जायचं ना? मग?"

दोन बोटांची ती पट्टी ओलांडायला तिने पाय असा उचलला, जसा काही देवळाचा दगडी उंबरठा ओलांडायचा आहे. खुबा आखडला, तोल गेला आणि तिने काच धरली. दरवाजा सरकताच होता, तो सरकला. मी तिला कमरेतून घट्ट धरलं, म्हणून वाचलो. मग मी ओरडले. काय काय बोलले ते आठवत नाही, पण बरंच बोलले. आई आत गेली. स्टुलावर बसली, डोळे मिटले, आणि मी रोजच्यासारखं पाणी घातलं.

काचवाल्याला पुन्हा बोलावलं. तो म्हणाला, बेस तोडून नव्याने लेव्हलमध्ये करून घ्या. तोडफोड, मलबा, आठ-दहा दिवस शेजारच्यांकडे आंघोळी, या वयात आईला तिकडे न्यायचं. माझ्याच्याने नव्हतं होणार. आई दारातून म्हणाली, "ह्यांनी उभं राहून केलेलं आहे ते. तोडायचं नाही." त्या दिवशी पहिल्यांदा आमचं दोघींचं एकमत झालं.

शेवटी काचवाल्याने पट्टी काढली आणि वरचा रूळच फरशीच्या उताराप्रमाणे तिरपा केला. फट गेली, उंबरठा गेला. पण दरवाजा उघडताना भिंतीवर सरकायचा तो उताराच्याच बाजूला, त्यामुळे आता लावलेला दरवाजा आपला आपण तिकडे सरकून उघडू लागला. त्याने रुळात रबर बसवलं, तेव्हा तो वीतभर सरकून थांबायला लागला. "इससे ज़्यादा नहीं होगा दीदी." मी म्हटलं, राहू दे भैया. पाणी जाळीकडे धावत होतं आणि बाहेरची फरशी कोरडी होती. पण काच धुरकट घेतली ती कशासाठी? वीतभर उघडाच राहणारा दरवाजा, यात आईचा आडपडदा तो काय राहिला?

पहिल्या दिवशी आई दांडा धरून आपली आपण आत गेली. दरवाजा लावला, तो सरकला. मी बाहेर स्टूल घेऊन, फटीकडे पाठ करून बसले.

"तिकडे तोंड करून काहून बसून राहिली?"

"तुला लाज वाटू नये म्हणून."

"तुझी कशाची लाज? तुला मी न्हाऊ घातलं आहे."

"मग रोज डोळे मिटून का बसायचीस?"

आत तांब्याचं पाणी पडत राहिलं. मग ती म्हणाली, "सकाळी सकाळी तुझं तोंड इतकं थकलेलं असते बाई. पाहवत नाही मला. म्हणून तर म्हणत होते, माझी मी करते."

आत तिने तांब्या खाली ठेवला.

"चल, पाठ घासून दे. तिथं हात पोचत नाही माझा."

मी स्टूल फिरवलं आणि फटीतून हात आत घातला. ती पाठमोरी बसली होती, तिला मी दिसत नव्हते. पाठ घासता घासता मी माझं तोंड जसं होतं तसं राहू दिलं.