आप्पाचा डावा हात

भाचीचा फोन आला तेव्हा मी ज्वारी निवडत बसले होते. "आत्या, आप्पा गेले... झोपेतच," एवढंच ती म्हणाली. फोन ठेवला आणि मी पुन्हा निवडायलाच बसले. हात थांबेचनात. माहेरी, दिंद्रुडला पोचेपर्यंत मनात एकच घोळत होतं, आता वैनीचं कसं व्हायचं. त्याला आता बरेच आठवडे झाले, पण तो घोर काही गेलेला नाही.

आप्पा माझा थोरला भाऊ. दिंद्रुडच्या बाजारात आमचं किराणा दुकान. तो गादीवर बसायला लागला तेव्हा गूळ, डाळ, तेल सगळं सुटं, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत तोलून द्यायचं. मग बघता बघता सगळं पाकिटात यायला लागलं. दारात शाम्पूच्या पुड्यांच्या माळा लोंबल्या, कोपऱ्यात थंड पेयाचा फ्रीज आला. शहरातला एजंट नवीन पाकीट पुढे करायचा आणि आप्पाचा ठरलेला सवाल यायचा, "यात काय काय पडतंय?" आम्ही लिंगायत, आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. एजंट बिचारा पाकीट उलटंपालटं करून घामाघूम व्हायचा. उत्तर आलं नाही तर माल परत. मी त्याची टिंगल करायचे, "आप्पा, तू दुकानदार हायस का फौजदार?" तो नुसता हसायचा.

एकदा ट्रकमधून साखर उतरवताना हमालाच्या पाठीवरून पोतं घसरलं. खाली माणूस होता म्हणून आप्पानं ते डाव्या हातानं झेललं. माणूस वाचला, आप्पाचा खांदा गेला. हाडवैद्य झाला, शेक झाला, तेल चोळून झालं... हात छातीच्या वर जाईना. आता आमच्यात ज्याच्या त्याच्या गळ्यात आपलं इष्टलिंग असतं, ते डाव्या तळहातावर घेऊन नजरेसमोर धरायचं आणि त्याच्याकडं बघत पूजा करायची. पूजा झाल्याशिवाय आप्पा पाण्याचा घोट घेत नसे. दात आवळून तो हात वर ढकलायचा, हात थरथरायचा, खाली यायचा. लिंग हातून पडेल या भीतीनं वैनी समोर पदर पसरून बसायच्या. कितीदा दुपार व्हायची आणि हा माणूस उपाशीच.

शेवटी मी दोघांना घेऊन औरंगाबादला गेले. डॉक्टर तरुण होते, बाहेर शिकून आलेले. म्हणाले, स्नायू हाडाला बांधणारी दोरी तुटलीय. ती शिवतो, पण फाटून फार दिवस झालेत, नुसत्या टाक्यांवर माझा भरवसा नाही. तुमचंच रक्त काढून त्याची खरवसासारखी घट्ट वडी करू आणि टाक्यांच्या खाली बसवू, त्यानं भरून यायला मदत होईल असं वाटतं. आपल्याकडं हे नवीन आहे, खात्री देत नाही.

आप्पानं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "रक्त माझं, ठीक हाय. ते घट्ट व्हायला त्यात काय पडतंय?"

डॉक्टर खरं बोलणारे निघाले. म्हणाले, "एक पावडर असते. गाईच्या रक्तापासून करतात."

"मग न्हाई जमायचं."

माझं डोकंच फिरलं. बाहेर आणून त्याला झापलं, "अरे, औषध आहे ते. खायचं थोडंच आहे?" तर म्हणतो, "खाल्लेलं निघून तरी जातंय, बाई. हे जन्मभर खांद्यात ऱ्हानार. त्याच हातावर मला लिंग धरायचं हाय." वैनी भिंतीला टेकून उभ्या होत्या. हात गेला तर हा माणूस पूजेवाचून उपाशी राहून झिजणार, एवढं मात्र त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

डॉक्टरांनी बराच विचार केला. पावडर न घालता काचेच्या वाटीत काचेच्या कांडीनं रक्त ढवळत राहिलं तर ते आपोआप धरतं, पण धरेलच असं नाही, म्हणाले. आप्पा तयार झाला. इष्टलिंग अंगावेगळं करणार नाही म्हणून ऑपरेशनच्या वेळीही हटून बसला. मग ते उजव्या दंडाला बांधून वर स्वच्छ कापड गुंडाळलं.

आम्ही दोघी बाहेर बाकावर. वैनी सारख्या विचारत होत्या, "वन्सं, धरलं असंल का हो?" विरजण लागलं का बघायला कुणी घडीघडी झाकण उघडावं तसं चाललं होतं त्यांचं. मी एकदा खेकसलेसुद्धा, आणि मग स्वतःच उठून दाराला कान लावून आले. सिस्टर बाहेर आल्या, म्हणाल्या, "धरलंय." आम्ही दोघी रडलो.

पण घोर तिथं संपला नाही. टाके उसवले तर पुन्हा काही करता येणार नव्हतं. हाताची झोळी निघाल्यावरही हात स्वतःच्या जोरावर इतक्यात उचलायचा नाही अशी ताकीद होती. म्हणून पूजेला वैनी शेजारी बसायच्या आणि उजव्या हातानं त्याचं कोपर खालून उचलून धरायच्या. तो शिंकला तरी त्यांचा जीव खालीवर व्हायचा.

पुढं कधीतरी मी मुक्कामाला गेले तर आप्पा दुकानात वरच्या फळीवरचा बिस्किटांचा डबा काढत होता. डाव्या हातानं. मी बघतच राहिले. रक्तानं भरलं की टाक्यांनी, डॉक्टरांनाही शेवटपर्यंत सांगता आलं नाही. मी म्हटलं, "आप्पा, आज सकाळी तर वैनीनं कोपर धरलं होतं." तो इकडंतिकडं बघून हळूच म्हणाला, "गप बस. तिला बोलू नगंस." मीही बोलले नाही. त्यानंतर किती वर्षं गेली, पूजेला वैनी कोपर धरतच राहिल्या.

परवा गेले होते. सकाळी वैनी पूजेला बसल्या, डाव्या तळहातावर त्यांचं लिंग. उजवा हात मांडीवर ठरत नव्हता, मधेच उठायचा, परत यायचा. पूजा झाल्यावर मला राहवलं नाही, आप्पाचं ते गुपित सांगून टाकलं. वाटलं, चिडतील, निदान हसतील.

"मला ठावं हुतं की," वैनी म्हणाल्या. "हाताला वजनच लागत नव्हतं त्येंचं."

"मग धरत कशाला होता?"

"ते धरू देत हुते." त्या आपल्या उजव्या हाताकडं बघत राहिल्या. "वन्सं, आता ह्याला काय काम देऊ, तेवढं सांगा."