मालवण की नेत्राणी?

डायव्हिंगची टूम माझ्या मुलाची. तो जर्मनीत नोकरीला आहे. त्याची आई गेली तेव्हापासून दर रविवारी दुपारी एक वाजता न चुकता फोन करतो. पण आम्हा बापलेकांना बोलायला विषयच नसायचा. "जेवलात?" "जेवलो." "गोळ्या?" "घेतल्या." चार मिनिटांत कारभार आटोपायचा. असंच एका रविवारी तो म्हणाला, "बाबा, डिसेंबरात येतोय. आपण दोघं स्कूबा करू. प्रवाळ कुठलं चांगलं ते तुम्ही ठरवा, तुम्ही समुद्राची माणसं."

समुद्राची माणसं! अरे, मी जुईनगरच्या वन बीएचकेतला रिटायर्ड क्लार्क. जन्म करावे गावातला आणि वडील खाडीत जाळं टाकायचे, एवढाच काय तो समुद्र. पण पोराने कौतुकाने म्हटलं होतं. मी वही काढली आणि कामाला लागलो.

मालवण, कर्नाटकातलं नेत्राणी बेट, गोवा, लक्षद्वीप, प्रत्येकाला वेगळं पान. डायव्हिंगवाल्यांना फोन लावायचो. पाणी कसं आहे विचारलं की सगळ्यांचं एकच, "काका, एकदम क्रिस्टल क्लिअर!" मी म्हणायचो, ते ठीक, पण उधाणाला की भांगाला? त्यावर ते पॅकेजचे दर सांगायला लागायचे. आमच्या गावात हे लहान पोरालाही कळायचं. पुनवेला आणि अवसेला उधाण, पाण्याला ओढ फार, तळाचा गाळ वर येतो. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी मंद, गाळ खाली बसलेला. वडील म्हणायचे, "भांगाला पानी शांत हाय, तेवाच तल दिसतो." म्हणजे नुसती जागा निवडून भागत नव्हतं, तिथीही बघायला हवी होती. भिंतीवरचं कॅलेंडर मी काढून टेबलावरच घेतलं.

आणि काय सांगू, रविवारचा फोन चाळीस-चाळीस मिनिटं चालायला लागला. मालवणचं प्रवाळ फार खोल नाही, शिकाऊ माणसाला बरं, पण गर्दी केवढी, लोक सरळ प्रवाळावर पाय देतात. नेत्राणीचं पाणी छान, पण तिथवर होडीत बसायचं म्हणजे माझं पोट ढवळणार. लक्षद्वीप सगळ्यात देखणं, तर परवानगीची भानगड, शिवाय समुद्र तापून कुठेकुठे प्रवाळ पांढरं पडलेलं. मुलगा हसायचा, भांडायचा. "बाबा, तुम्ही रीफ बघताय की नवरी?" म्हणायचा. माझ्याशी तो असा बोलला त्याला किती वर्षं झाली होती. मला फार बरं वाटायचं.

आता खरं सांगतो. ऑगस्टातच माझं मालवण ठरलं होतं. वहीत पेनाने गोलसुद्धा केला होता. पण तसं सांगितलं असतं तर पुढच्या रविवारी बोलायचं काय? परत जेवलात आणि गोळ्या. म्हणून दर आठवड्याला एक नवी खोट शोधून ठेवायचो. शनिवारचा अख्खा दिवस त्यात जायचा. पासष्टीच्या माणसाने असले उद्योग करावेत, लाज वाटते सांगायला, पण केले.

नोव्हेंबरात त्याने सुट्टीच्या तारखा कळवल्या. मी कॅलेंडर बघितलं, नेमकी मध्ये पौर्णिमा. मला आयतंच सापडलं. म्हटलं, "तुझ्या तारखांना उधाण आहे रे, काही दिसायचं नाही खाली." त्याने तारखा परत एकदा सांगितल्या. मग म्हणाला, "ठीक आहे बाबा. बघू."

आमच्या घरात 'बघू'चा अर्थ मीच लावून दिलेला. त्याने सायकल मागितली, मी म्हटलं बघू. शाळेची सहल, बघू. त्याच्या आईला एकदा विमानात बसायचं होतं, तेही बघू. बाबांचं बघू म्हणजे नाही, हे पोराला पहिलीतच कळलं होतं. इतके महिने मी काढलेली एकेक खोट त्याने तशीच ऐकली असणार. तेव्हाच ओरडून सांगायला हवं होतं, अरे, उधाण गेलं खड्ड्यात, तू ये. पण मी नुसतं "बरं," म्हटलं आणि फोन ठेवला.

डिसेंबरात तो मित्रांबरोबर तांबड्या समुद्राला गेला. रविवारी फोन आला नाही, फोटो आला. निळं पाणी, जांभळं-नारिंगी प्रवाळ आणि चार डायव्हर. चौघांच्या तोंडावर मास्क. मी बोटांनी मोठा करकरून बघितला. डावीकडून दुसरा, उजवा खांदा जरा झुकलेला, तोच माझा. त्याची आई अशीच उभी राहायची. दोन दिवस दुसरं काही केलं नाही. शेजारणीला दाखवला. करावेला जाऊन चुलतभावाला दाखवला, म्हटलं, हा बघ, आपला. तोही म्हणाला, हो रे, उभं राहणं अगदी वहिनीसारखं.

तिसऱ्या दिवशी मी मुलाला लिहिलं, "डावीकडून दुसरा तूच ना? लगेच ओळखला."

उत्तर आलं. "नाही बाबा. फोटो मी काढलाय. त्यात मी नाहीये."