नितळ पाण्याचं पिंप

तळं हिरवंगार दिसलं की तुम्ही काय करता हो? फोटो काढता ना? शालन मोहोळ तेव्हा म्हशी माघारी वळवते.

खडकवासल्याच्या रस्त्यालगत, शहरानं गिळलेल्या गावात तिच्या पाच म्हशी. आधी सहा होत्या. गेल्या उन्हाळ्यात गोठ्यातला हौद शेवाळला. कुणीतरी सांगितलं म्हणून तिनं त्यात मोरचुदाचे निळे खडे टाकले. दुसऱ्या दिवशी पाणी काचेसारखं नितळ. तिनं स्वतःच्या हातानं आधी चंद्री म्हशीला पाजलं. चंद्री सकाळी उठलीच नाही.

"शेवाळ मेलं, पण मरताना पोटातलं विष पाण्यात सोडून गेलं," जनावरांचे डॉक्टर म्हणाले. शालननं ते गाठीशी बांधलं.

यंदा सोसायट्यांचं सांडपाणी पिऊन शेवाळानं अख्खं तळंच व्यापलं. ओरड झाली, तसा मोरचुदाची पोती घेऊन महापालिकेच्या ठेकेदाराचा टेम्पो काठावर आला. शालन थेट पोत्यांवर जाऊन बसली.

"अहो बाई, उठा. तुमच्या तळ्याचं भलंच करतोय," ठेकेदार म्हणाला.

"माझ्या चंद्रीचं मीबी असंच भलं केलं होतं."

"म्हणजे आता शास्त्र आम्ही गोठ्यात येऊन शिकायचं?"

"या की. शेण काढायला माणूस हवाच हाय."

पण नुसत्या तोंडानं टेम्पो हलत नाही, हे तिला पक्कं ठाऊक. तिनं अट घातली: तळ्याचं पाणी दोन पिंपांत भरा, एकात मोरचूद टाका, मग दोन्ही प्रयोगशाळेत तपासून घ्या. गाव भोवती जमलेलं. ठेकेदाराला नाही म्हणवेना.

दोन दिवसांत एक पिंप हिरवंच, दुसरं नितळ.

"काय शालनबाई, कुठलं पाजणार?" ठेकेदारानं विचारलं.

"कुठलंच न्हाई. कागद येऊ द्या."

कागद आला. कर्वेनगरच्या कॉलेजात शिकणाऱ्या पुतणीनं, उत्कर्षानं, तो चावडीवर मोठ्यानं वाचला. हिरव्या पिंपात विष बहुतेक शेवाळाच्या आतच होतं. नितळ पिंपात ते पाण्यात विरघळलं होतं, उकळूनही न जाणारं. गावची शंभरेक जनावरं त्याच नितळ पाण्याला तोंड लावणार होती!

पोती आली तशी परत गेली. शालन मात्र तोच कागद घेऊन चार महिने कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवत राहिली. "शेवाळाला चारतंय कोण, ते बोला!" तोवर जनावरांना टँकर, तोही तिनंच भांडून आणलेला. अखेर तळ्यात सुटणारी सांडपाण्याची तोंडं एकेक करून बुजली.

पावसाळा सरला, पाण्याची तपासणी चोख निघाली आणि हलगीच्या तालावर शालननं म्हशी तळ्यात सोडल्या. सगळ्यांत पुढं चंद्रीची पारडी.

तुमच्या वाटेवरचं तळं हिरवं दिसलं, तर फोटो जरूर काढा. पण तळ्याचा नको, त्यात सांडपाणी सोडणाऱ्या नळाचा काढा, आणि तो घेऊन आजच वॉर्ड ऑफिसात जा.