ठेवणीतली बॅटरी

आता हे तुम्ही विचारलंत म्हणून. नाहीतर मी स्वतःहून हे कुणाला सांगत नाही! आमच्या घरी सोनेरी काठाचे कप रोज वापरात का, पाहुण्यांसाठी वेगळे का नाहीत? घ्या, चहा घ्या. सांगतो. पण हसलात तर बिस्किटं उचलून घेईन.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मुलुंडला एका कारखान्यात मी स्टोअरकीपर होतो. तिथे वॉकीटॉकीचे दोन सेट आले. विटेसारखे जड! त्यांच्याबरोबर चार बॅटऱ्या आणि एक चार्जर. विकणाऱ्या माणसाने बजावून सांगितलं, "चारही आलटून पालटून वापरा. नुसती ठेवलेली बॅटरी आपोआप उतरते."

आपोआप उतरते? न वापरता? माझ्या कोकणी डोक्याला हे पटेना. आमच्या आईने लग्नातला शालू तीस वर्षं ट्रंकेत ठेवला, तो कुठे उतरला? मी दोन बॅटऱ्या रोजच्या वापराला दिल्या. उरलेल्या दोन पूर्ण चार्ज केल्या, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळल्या आणि कपाटात कुलपात ठेवल्या. वेळप्रसंगाला!

कांबळे आमचा फिटर. माझा जवळचा दोस्त. तो म्हणायचा, "सावंत, काढ ना त्या बाहेर. पूजा करतोस काय?"

झालं! खंडेनवमीला कारखान्यातल्या सगळ्या यंत्रांची पूजा होते. मी कुलूप उघडलं, दोन्ही बॅटऱ्या पाटावर मांडल्या आणि ओली हळद, ओलं कुंकू व्यवस्थित लावलं. कुठे? बरोबर त्या चकचकीत पितळी टिकल्यांवर, जिथून सेटला वीज मिळते. नवऱ्या मुलीच्या कपाळासारख्या दिसत होत्या हो त्या! मग परत पिशवी, परत कुलूप.

दिवाळी झाली. बॉयलरच्या चिमणीवरच्या लोखंडी पट्ट्यांना गंज चढला होता. कांबळे रेड ऑक्साइडचा, म्हणजे गंज थांबवणाऱ्या लाल रंगाचा, डबा घेऊन दोराला टांगलेल्या पाळण्यातून वर जाणार होता. पाळणा ओढायचं विंच, म्हणजे दोर गुंडाळायचं यंत्र, बॉयलरच्या मागे, तिथून वरचं काही दिसत नाही. म्हणून एक सेट कांबळेकडे, दुसरा विंच चालवणाऱ्या बबनजवळ उभ्या माझ्याकडे. नियम एकच होता. पाळणा कुठे अडकलेला नाही, हे वरून सांगितल्याशिवाय विंच हलवायचं नाही. अडकलेला पाळणा वर ओढला किंवा खाली सोडला तर तो उलटणार.

निघताना मी त्याच्या हातात ठेवणीतली बॅटरी ठेवली. "जप हं. नवी आहे."

तासाभराने सेटमधून आवाज आला, "सावंत, लाल दिवा लागला रे, जुनी संपलीच. नवी टाकतो."

आणि मग काहीच नाही.

"कांबळे? ऐक ना यार. कांबळे!"

खरखरसुद्धा नाही. कपाटाकडे पळालो, दुसरी ठेवणीतली आणून माझ्याच सेटला लावून पाहिली. मेलेली! टिकल्यांवर हळदीकुंकवाचा कडक पापुद्रा. तो नखाने खरवडला, तरी मेलेलीच. तेव्हा कळलं की वरची तिची बहीण कोणत्या अवस्थेत आहे.

पुढे धावलो. कांबळे वर इवलासा दिसत होता. वारा सुटलेला, पाळणा डुलत होता. बॉयलरच्या आवाजात हाक पोचणं शक्य नव्हतं. त्याने हात हलवला. म्हणजे काय? थांब? खाली घे? अडकलोय?

मी काय केलं असेल? मीही हात हलवला! टाटा केल्यासारखा!

बबन मागून ओरडला, "खाली घेऊ काय?"

"हात लावू नको!"

"अरे माणूस वर लटकलाय ना!"

"माहीत आहे मला!" मी ओरडलो आणि मला रडू फुटलं. खोटं कशाला सांगू? त्याच्या घरी दोन पोरी, म्हातारी आई. आणि मी बॅटरीला कुंकू लावत बसलो होतो.

तेवढ्यात कांबळेने ब्रश उचलला. हा बाबा रंगकाम करतोय? मग पांढऱ्या चिमणीवर हातभर उंचीचं लाल अक्षर उमटलं. सा. मग वं. मग त. त्याखाली हळूहळू दुसरी ओळ आली: 'सुटा आहे खाली घे'.

मी मागे धावलो. बबनने विंच इतकं हळू सोडलं की मला वाटलं आता संध्याकाळ होणार. कांबळे जमिनीवर उतरला. मी त्याला मिठी मारली, माझा शर्ट लाल झाला. त्याने ती बॅटरी माझ्या हातात ठेवली आणि पाणी मागितलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मान वर करून वाचलं. रस्त्यावरची माणसंही थांबून वाचत होती. साहेब म्हणाले, "हे पुसायला हवं. कोण चढेल?"

मी खाली बघत होतो. कांबळे म्हणाला, "मी चढतो साहेब. फक्त बॅटरी सावंतने द्यायची नाही."

साहेबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा चिमणीकडे.

"मग राहू दे," ते म्हणाले.

मी रिटायर झालो तेव्हाही माझं नाव तिथेच होतं.